सातचा ताळा

१४ मे, मंठा

होस्टेल सोडून आज दहावा दिवस. पुस्तकांची तीन खोकी अजून दोरीसकट पलंगाखाली. थीसिस एकशे त्रेचाळीस पानं. राहिलंय ते फक्त संदर्भसूची आणि शेवटचं परिशिष्ट. १५ जूनपर्यंत विद्यापीठात जमा केला की सप्टेंबरात जर्मनीत संशोधनाची नोकरी. नाही झाला तर ती जागा दुसऱ्या कुणाला तरी. पत्रात नम्रपणे लिहिलंय, पण लिहिलंय.

अण्णांनी तेवढं तरी थांबायला हवं होतं. विहारात सांगून आले, वर पेढे वाटले. काल किराणा दुकानदार विचारत होता, "जर्मनीत थंडी लई राहती म्हनं?" म्हटलं, आधी आमच्या कूलरला पाणी येऊ द्या.

गाईड सरांचा मेल: परिशिष्टात उदाहरणं ५ आणि १३ या दोनच मूळ संख्यांची आहेत, ७ चंही घाल, बरं दिसतं. अर्ध्या तासाचं काम. प्रोग्रॅम चालवला, ७ ला अडला. जुन्या वहीत शोधलं तर माझ्याच अक्षरात, दोन वर्षांपूर्वीचं: '७ आणि ११ ला प्रोग्रॅम अडतो. १३ ला चालतो. नंतर बघू.'

बघितलं नव्हतं.

१५ मे

अडण्याचं कारण साधं निघालं. हिशोब सोपा व्हावा म्हणून प्रोग्रॅममध्ये मी गृहीत धरलं होतं की उणे एकला वर्गमूळ आहे. ५ च्या दुनियेत आहे, तिथे पाचाच्या पटी शून्य धरल्या की झालं: दोन दुणे चार, आणि चार म्हणजे पाचाला एक कमी, म्हणजे उणे एकच. १३ लाही आहे: पाच पाचे पंचवीस, सव्विसाला एक कमी. ७ ला नाही, ११ ला नाही. तेव्हा मला ती प्रोग्रॅमची खोड वाटली. ३ प्रमेयात आधीच वगळलेला, तिथे सगळंच बिघडतं. मग हाताने करायला सगळ्यात लहान ५, आणि पुढचा चालणारा १३. दोनच तपासले. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात. नवा प्रोग्रॅम लिहायला घेतलाय.

अण्णा चहा घेऊन आले आणि बसलेच. माझे वडील निवृत्त गुरुजी. आयुष्यभर झेडपीच्या शाळेत चौथीला गणित शिकवलं, त्यामुळे कागदावर आकडे दिसले की त्यांचा पाय निघत नाही.

"तुझ्या थीसिसातलं कॅरेक्टर म्हंजे काय ते एकदा नीट सांग. लोकं विचारतेत, मी काय सांगू?"

सांगितलं. प्रत्येक मूळ संख्येची आकड्यांची एक वेगळी दुनिया असते, तिला पी-ॲडिक म्हणतात. त्या दुनियेतल्या आकड्यांच्या चार बाय चारच्या चौकटी घ्यायच्या, त्यांचा होतो समूह. तो समूह किती तऱ्हांनी काम करतो ते आम्ही शोधतो. एकेक तऱ्हा अवाढव्य, अनंत मितींची, कागदावर मांडताच येत नाही. म्हणून समूहातल्या प्रत्येक घटकापुढे एक आकडा लिहायचा. ती आकड्यांची यादी म्हणजे त्या तऱ्हेचं कॅरेक्टर. दोन याद्या तंतोतंत जुळल्या तर तऱ्हा एकच. माझं प्रमेय म्हणजे ती यादी काढायचं सूत्र, तीनपेक्षा मोठ्या कुठल्याही मूळ संख्येसाठी.

अण्णा विचार करून म्हणाले, "म्हंजे आधार कार्डाचा नंबर." म्हटलं, तसंच समजा. खूश होऊन गेले. आता हे गावभर होणार.

१६ मे

७ चालला. आणि जुळत नाही.

नीट लिहून ठेवते, डोकं जाग्यावर राहील. समूहात काही घटक जुळे असतात. समूहाच्या आत वेगळे, पण आकड्यांची दुनिया जरा मोठी केली की एकमेकांत बदलता येणारे. कॅरेक्टरं कुटुंबाने येतात. एकेकटं कॅरेक्टर जुळ्यांवर वेगळं चालेल, पण अख्ख्या कुटुंबाची बेरीज दोन्ही जुळ्यांवर एकच यायला पाहिजे. यात सूट नाही. ५ ला एकच येते. १३ ला येते. ७ ला एका जुळ्यावर अधिक दोन, दुसऱ्यावर उणे दोन.

प्रोग्रॅम चुकला असणार. घाईत लिहिलाय.

१७ मे

लाइट नव्हती. हातानेच केलं. बारा पानं.

अधिक दोन. उणे दोन.

आई गच्चीवरून कुरडयांचा पत्रा घेऊन उतरली. "तोंड का उतरलंय गं?" म्हटलं, ऊन लागलं. "घरात बसून ऊन लागलं व्हय?" कुरडईचा ओला चीक वाटीत घालून पुढ्यात ठेवला. लहानपणी त्यासाठी भांडायचो. आज वाटी तशीच सरकवून ठेवली.

१९ मे

सापडलं. लेमा ४.३, म्हणजे मुख्य प्रमेयाच्या आधारासाठीचं छोटं प्रमेय. त्याची सहावी ओळ.

एक बेरीज समीकरणाच्या या बाजूची त्या बाजूला नेताना मी उलटी करून घेतली आणि लिहिलं: 'हे स्पष्ट आहे.' उलटी केल्यावर तिचं चिन्ह बदलतं की नाही, हे उणे एकला वर्गमूळ आहे की नाही यावरच ठरतं. ५ ला बदलत नाही, १३ ला बदलत नाही. ७, ११, १९, २३... जवळजवळ अर्ध्या मूळ संख्यांना बदलतं. म्हणजे मी जिथे जिथे तपासलं तिथे ही चूक दिसणंच शक्य नव्हतं. जिथे दिसली असती तिथे प्रोग्रॅम थांबला, बोट दाखवून थांबला, आणि मी लिहिलं नंतर बघू.

मी लिहिलं, सरांनी वाचलं, नियतकालिकाच्या परीक्षकाने वाचलं. गेल्या वर्षी सरांच्या आणि माझ्या नावाने छापूनही आलं. तिघांनाही ते स्पष्टच होतं.

रडू आलं असतं तर बरं झालं असतं. नुसता राग येतोय.

२० मे

सगळीकडे एक चिन्ह घालून पाहिलं. दोन्ही जुळ्यांची चिन्हं एकदम बदलली, फरक तसाच. इतक्यात सुटायचं नाही हे.

दुपारी नाझनीनचा मेसेज. नाझ जालन्याची, माझ्या मागून दोन वर्षांनी आमच्याच संस्थेत आली. तिच्या कॉलेजात मी एकदा बोलले होते. ते ऐकून आपण या विषयात आलो, असं ती सगळ्यांना सांगते. मला ते ऐकायला फार आवडायचं.

"ताई, दुसरं प्रकरण झालं! तुमचं प्रमेय ७ अन् ११ ला लावलं, सगळं बराबर बसलं. ५ जूनला फेलोशिपचा अर्ज टाकून राह्यले, त्यात हेच मेन आहे."

मी उत्तरादाखल अंगठा पाठवला. अंगठा!

२२ मे

सरांशी व्हिडिओवर बोलले.  सांगून झाल्यावर ते उठले, छापलेला लेख घेऊन आले, सहावी ओळ माझ्यासोबत शब्द न् शब्द वाचली. "हो. चुकलंय." उगाच फाटे फोडले नाहीत, तेवढं मानलं पाहिजे.

मग म्हणाले, "प्रमेयात एक अट घाल. उणे एकला वर्गमूळ असेल तरच, असं. मग तुझ्या थीसिसमध्ये एकही विधान खोटं राहत नाही. १५ च्या आत जमा कर. छापलेल्याचं शुद्धिपत्र आपण नंतर, शांतपणे काढू."

"आणि नाझनीन?"

"तिला मी सांगेन, योग्य वेळी. आता ऐन अर्जाच्या तोंडावर तिला हलवू नकोस. तुझं तू आधी पार पाड, विशाखा."

सर वाईट माणूस नाहीत. माझी फेलोशिप अडली होती तेव्हा माझ्यासाठी चार ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या त्यांनी. थीसिस जमा करायच्या फॉर्मवर त्यांची सही लागते, ती करतो म्हणाले. जुलैत एका परिषदेत ते हेच प्रमेय सांगणार आहेत. ते आज बोलले नाहीत, मीही काढलं नाही.

२३ मे

अट घातली. एक ओळ. आता थीसिसमध्ये खोटं एक अक्षर नाही.

नाझचा फोन आला. उचलला नाही. परत आला. फोन उशीखाली ठेवून संदर्भसूची लावत बसले, अ पासून.

तिने अर्ज पाठवला आणि तिकडे कुणी जाणकाराने ७ लावून पाहिला तर? तिचंच हसं होणार. तिने तर नुसता माझ्यावर विश्वास ठेवला.

२५ मे

अण्णांना सांगितलं. वाटलं, हा एक माणूस तरी माझ्या बाजूने बोलेल.

"सर म्हणतेत तसं कर."

"अण्णा, त्या पोरीचं काय?"

"सर सांगतेत ना तिला? मंग झालं. तू कशाला मधी पडून राह्यली? त्यांनी सही न्हाई केली तर? इथं मंठ्यात बसून काय करशील, शिकवण्या घेशील? आख्ख्या गल्लीला सांगून बसलो मी."

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "तुमच्या वर्गात पाट्या बदलायचा नियम कशाला होता मग? पोरांपुरता?"

अण्णा उठले, चप्पल घातली आणि भर उन्हात बाहेर गेले. आई म्हणाली, "बोलायची काही रीत असती." खरंय, पण बोलून झालं होतं.

२६ मे

अण्णा बोलत नाहीत. ताटावर बसतात, उठतात.

मीही त्यांच्याच वर्गात होते चौथीला, म्हणून नियम पाठ आहे. गणित सोडवलं की पाटी शेजारणीला नाही, दुसऱ्या रांगेतल्या मुलीला द्यायची. तिने ते पुन्हा स्वतः करायचं, ताळा घ्यायचा आणि खाली आपलं नाव लिहायचं. पुढे चूक निघाली तर जिने सोडवलं ती बसून राहायची, नाव घालणारी उभी राहायची. सगळ्यांना हा अन्याय वाटायचा. पण नाव घालण्याआधी मी गणित दोनदा करायचे हे खरं, आणि त्या वर्षी मी जेवढ्या चुका पकडल्या तेवढ्या नंतर कधी पकडल्या नाहीत.

माझ्या सहाव्या ओळीखाली कुणाकुणाची नावं आहेत ते मोजलं. माझं पकडून तीन, परीक्षकाचं धरून.

२७ मे

सकाळी अण्णा खुर्ची ओढून समोर बसले. माझ्याकडे न बघता, "पाचला जुळलं, तेराला जुळलं, मंग सातलाच का न्हाई?"

समजावून सांगितलं. लक्ष देऊन ऐकलं. "म्हंजे नवाच्या ताळ्यासारखं झालं. चौपन्नाच्या जागी पोरानं पंचेचाळीस लिहिलं तरी नवाचा ताळा जुळतो. अदलाबदल त्याला दिसतच न्हाई."

अगदी बरोबर. दोन आठवड्यांत इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं, मीसुद्धा.

मग म्हणाले, "एकदा तपासणीला साहेब आल्ते. एका पाटीवर चूक निघाली. खाली नाव माझं होतं, त्या दिवशी मीच तपासल्ती. साहेबानं इचारलं, कुणाची पाटी? ती पोरगी उभी राह्यली. मी खुर्चीवरच."

 मी विचारलं, मग? तर म्हणाले, मंग काय, साहेब गेले जेवायला. कपबशी उचलून आत निघून गेले. 

२८ मे

नाझला फोन केला. सगळं सांगितलं. लेमा, ओळ, ७, ११, सर काय म्हणाले तेही.

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"ताई, तुम्हाला कधी कळलं?"

"सोळाला शंका आली. एकोणीसला नक्की झालं."

"आज अठ्ठावीस आहे."

"हो."

"वीसला मी मेसेज केल्ता. तुम्ही अंगठा दिला."

फोन ठेवला तिने. मला तेवढंच हवं होतं बहुतेक, की कुणीतरी सरळ तोंडावर म्हणावं. 

३० मे

नाझचं उत्तर नाही. चार मेसेज, चारही वाचलेले.

एक कल्पना सुचली आहे. चिन्ह सगळीकडे सारखं नसणार. ती बेरीज प्रत्येक घटकावर एकदाच उलटते असं मी धरलं होतं. काहींवर ती एकदा उलटते, काहींवर दोनदा, तीनदा. विषम वेळा उलटली तर चिन्ह बदलायचं, सम वेळा तर नाही. एका जुळ्यावर एकदा आणि दुसऱ्यावर दोनदा असेल तर ७ चा फरक मिटतो! कितीदा उलटते ते मोजायचं सूत्र मात्र अंदाजाने लिहिलंय. सिद्धता नाही.

म्हणजे पुन्हा तीच मी, तोच अंदाज. ५ आणि १३ वर हे तपासण्यात काही अर्थ नाही, तिथे चिन्ह दिसतच नाही. ७ वर सूत्र न वापरता, पार व्याख्येपासून प्रत्येक जुळ्याचा आकडा काढावा लागेल. आणि ते मी करून उपयोगाचं नाही. मला काय यायला हवंय ते मला माहीत आहे.

२ जून

बाराच्या सुमारास आई म्हणाली, दारात कोणी आल्यं बघ. नाझ. जालन्याहून एसटीने, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, पाठीवर सॅक. घाम पुसायच्या आधीच म्हणाली, "मला तुमचं नवं चिन्ह सांगू नका. काहीच सांगू नका. फक्त घटक द्या. मी माझ्या हातानं करते."

रागातच होती. पाणी आईच्या हातून घेतलं, माझ्या नाही.

अण्णांना वेगळं काही सांगावं लागलं नाही. एकीला पुढच्या खोलीत बसवलं, एकीला मागच्या, मध्ये स्वतः खुर्ची टाकून. "एकमेकींशी बोलायचं न्हाई. झालं की वह्या बदलायच्या. खाली नाव घालायचं." नाझ माझ्याकडे बघून पहिल्यांदा जरा हसली. "हे काय आहे, ताई?" म्हटलं, चौथीचा वर्ग आहे, गुपचूप बस.

सातच्या दुनियेतल्या जुळ्यांच्या सहा जोड्या. संध्याकाळी साडेसहाला वह्या बदलल्या. तिची वही माझ्यापेक्षा स्वच्छ. मला ओळ न् ओळ पुन्हा करायला लागली, नुसतं वाचून 'बरोबर' म्हणायची सवय इतकी हाडात भिनली आहे. नाझ मुक्कामाला राहिली.

३ जून

सहाच्या सहा जुळल्या. तिचे आकडे, माझे आकडे, नव्या चिन्हासकट सूत्र. तिन्ही एक.

नाझने माझ्या वहीखाली नाव घातलं, मी तिच्या. मग ती म्हणाली, "ताई, मला राग अजून आहे."

"असू दे."

"चूक झाली त्याचा न्हाई. ती माझ्याकडून पण झाली असती. नऊ दिवस गप बसलात त्याचा."

मला माफी मागायची होती. वाक्य जुळवेपर्यंत ती आईला पोळ्या लाटू लागायला गेली. नंतर ओट्यापाशीच मागितली, आईसमोर. ती म्हणाली, "बिलकुल लक्षात ठेवीन मी हे." हसली नाही. पण पोळी वाढली.

अण्णांनी एका कागदावर ११ चे वर्ग मांडून ठेवले होते. एक, चार, नऊ, सोळाचे पाच, पंचविसाचे तीन. "दहा कुठंच न्हाई यात. म्हंजे ११ ला पण तुमच्या उणे एकला वर्गमूळ न्हाई. मंग ११ राह्यला ना अजून?"  ११ राहिलाच आहे. दहा जोड्या, आणि एकेक सातच्या तिप्पट.

नाझचं म्हणणं, शुद्धिपत्र तिच्या अर्जाआधी गेलं पाहिजे. हक्काचं बोलली.

४ जून

सरांना सकाळी लिहिलं: नाझनीनला मी सांगितलंय, शुद्धिपत्राचा मजकूर सोबत जोडलाय, आज पाठवू का. दुपारी चारपर्यंत वाट पाहिली. फोन केला, उचलला नाही. बियाण्याच्या दुकानापुढे रांगा लागल्यात, त्या गोंगाटात प्रिंटच्या दुकानात बसून मजकूर शेवटचा वाचला.

साडेचारला पाठवलं. नियतकालिकाला, सरांना प्रत, आणि जर्मनीलाही: प्रमेय सध्या अर्ध्याच मूळ संख्यांसाठी सिद्ध आहे, छापलेल्यात चूक आहे, चूक माझी. 'आमची' लिहिलं होतं, खोडलं. लेमा मी लिहिला होता.



५ जून

नाझने अर्ज पाठवला. गोषवाऱ्यात तिने स्वतःच लिहिलं, '७ ची पडताळणी हाताने केली आहे. ११ ची सुरू आहे.' तिचं वाक्य माझ्या एकशे त्रेचाळीस पानांपेक्षा बरं आहे.

९ जून

पाच दिवसांनी सरांचा मेल. एक ओळ. 'मिळालं. बोलू.'

फॉर्म अजून त्यांच्याकडेच. सही आहे की नाही माहीत नाही. जर्मनीकडून काही नाही. अण्णा रोज सकाळी, "आलं का काही?" आणि लगेच, "न्हाई, सहज विचारलं."

गल्लीत आता जर्मनीचं कुणी विचारत नाही. अण्णांनीच सांगितलं असावं काहीतरी. काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

१२ जून

नाझ काल पुन्हा येऊन गेली. ११ च्या दहा जोड्या दोघींनी वेगवेगळ्या केल्या होत्या. नऊ जुळल्या. दहावीत माझ्याकडे उणे, जसं नवं सूत्र सांगतं तसं. तिच्याकडे अधिक.

दोघींपैकी एक चुकली आहे. ती चुकली असेल तर सूत्र टिकतं, अट काढून टाकायची वाट दिसते, तिचं दुसरं प्रकरण उभं राहतं, सरांचं प्रमेयही. मी चुकले असेन तर नवं चिन्हही खोटं, आणि आम्ही सगळे परत लेमा ४.३ पाशी.

एसटीत बसताना नाझ म्हणाली, "तुमची वही मी घेऊन चालले. माझी तुमच्याजवळ ठेवा. चूक सापडल्याबिगर फोन करू नका." गाडी हलल्यावर खिडकीतून ओरडली, "अन् सापडली तर त्याच दिवशी करा!"

तीन दिवस राहिलेत. सकाळपासून तिची वही पुढ्यात. दहाव्या जोडीची चौदा पानं, एकही खाडाखोड नाही. मला तिची चूक सापडायला हवी आहे. इतकी हवी आहे की दोनदा नसलेली चूक दिसली. दोन्ही वेळा पान पुन्हा पहिल्यापासून केलं, दोन्ही वेळा तिचंच बरोबर.

अण्णा खुर्ची टाकून बसलेत. आई म्हणाली, "जेव आधी, ते नंतर बघ." म्हटलं, आई, आत्ताच.

सहा पानं झाली. चूक नाही. सहाव्याच्या खाली माझं नाव घातलं आणि सातवं पान काढलं.